साठ वर्षांची नवशिकी

आमची कन्या कॉलेजात शिकते. दर रविवारी दुपारी तिचे चार मित्र-मैत्रिणी आमच्या कल्याणच्या खोलीत येतात, सतरंजी अंथरतात आणि फासे टाकतात. प्रथम आम्हांला जुगाराचा संशय आला, हे कबूल करतो. वस्तीत व्यसनमुक्तीवर भाषणे देणाऱ्या माणसाच्या घरात फासे! परंतु पैसा कुठे दिसेना, पटही दिसेना. एक मुलगा गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होऊन "मी दार उघडते", "मी तलवार उपसतो" असे म्हणतात, आणि ते जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो 1974 साली अमेरिकेत काढला. या मुलांकडे 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीचे जुने पुस्तक आहे, त्यावर त्यांचे चालते.

प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवरची छाप असे सहा आकडे. सोबत त्या पात्राची पूर्वकथा लिहावयाची, म्हणजे खेळ सुरू होण्याआधी ते कोण होते, कुठून आले. बहुतेक जण आईबाप मारून टाकून मोकळे होतात, असे कन्या म्हणाली. अनाथ पात्राला मागे काही नसते, लिहिण्याचा त्रास वाचतो!

तिला मात्र म्हातारी जादूगारीण हवी होती. साठ वर्षांची, आणि खेळाच्या पहिल्या पायरीवरची, म्हणजे अगदी नवशिकी. पुस्तकात वयाचा तक्ता आहे. पस्तिशीला माणूस मध्यमवयीन, त्रेपन्नला म्हातारा, सत्तरला अतिवृद्ध. (पंचेचाळिशी ओलांडलेल्या आम्ही हे वाचून पुस्तक जरा दूर सरकवले.) साठाव्या वर्षी बळ, चपळाई, काटकपणा यांतून तीन-तीन वजा होतात आणि बुद्धी, शहाणपण, छाप यांत दोन-दोन जमा. आम्ही बी.कॉम. असल्याने जमाखर्च लगेच ध्यानात आला. जादूगाराचे सारे बुद्धीवर चालते, तेव्हा म्हातारपण तिला फायद्याचेच. तोटा जिवाचा. काटकपणा घटल्यामुळे तिच्या वाट्याला जिवाचे आकडे आले अवघे तीन. कुणी काठीचा एक फटका मारला तरी आडवी.

खरी अडचण वेगळीच होती. त्याच पुस्तकाप्रमाणे माणसाचा जादूगार सतरा ते सत्तावीस या वयात शिकून बाहेर पडतो. मग ही बाई साठीपर्यंत होती कुठे? एक मित्र म्हणाला, ती पूर्वी थोर जादूगारीण होती, शापाने सारे विसरली. दुसरा म्हणाला, शंभर वर्षे दगड होऊन पडली होती. कन्येला पटेना. तिने आम्हांला विचारले, "पप्पा, एखादी बाई साठ वर्षं काय करत असेल?"

आम्ही फायलीतून डोके न काढता म्हणालो, "घरकाम. दुसरं काय?"

हे उत्तर आमच्या तोंडात तयारच असते, वाचकहो. वीस वर्षे आम्ही वस्तीतल्या आयाबायांचे अर्ज भरून देतो. निराधार योजनेचे, रेशनकार्डाचे, बँकेचे. 'व्यवसाय' या रकान्यात आमचे पेन थांबत नाही. समोर बसलेल्या बाईला विचारावे, असे क्वचितच सुचले. आमच्या स्वतःच्या आईचे बँकेतले खाते उघडले, तेव्हाही तिला न विचारता 'गृहिणी' लिहिले होते.

कन्या उठली आणि मोरीपाशी तांदूळ निवडत बसलेल्या आजीजवळ गेली. "आजी, तू बारा वर्षांची असताना काय करायचीस?"

आई हसली. मग म्हणाली, "खडी फोडायचे. बहात्तरचा दुस्काळ व्हता."

दुष्काळी कामाचे आम्ही ऐकून होतो. तिथे मिळणारी सुकडी, रेशनची ती लाल मिलो, हे सर्व घरात अनेकदा निघाले आहे. परंतु त्या दिवशी आईने सांगितले ते नवे होते. फोडलेली खडी लाकडी चौकटीत भरून मोजत, आणि जितक्या चौकटी तितके पैसे. आई पाटीगणिक मोजत असे. तिच्या ध्यानात आले की एका मुकादमाच्या चौकटीत इतरांपेक्षा जास्त पाट्या जातात. तिने सुतळीला गाठी मारून हिशेब धरला, आठ दिवस. मग बापाला सांगितले. बापाने तिच्या तोंडावर हात ठेवला. "काम गेलं तर खायाचं काय?" सुतळी चुलीत घातली.

"मंग?" कन्येने विचारले.

"मंग काय. गप बसले."

आम्ही त्या खोलीत पंचेचाळीस वर्षांचे होऊन बसलो होतो आणि आमच्या आईला हिशेब येतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. महिन्याचे रेशन तिच्या तोंडी कधी चुकले नाही, ते आम्ही सवयीचे समजत होतो.

कन्येने त्याच रात्री पूर्वकथा लिहिली, जेमतेम अर्धे पान. खाणीवर राबणारी बाई. गाठींच्या सुतळीवर चाळीस वर्षे मनातल्या मनात हिशेब ठेवणारी. अठ्ठावन्नाव्या वर्षी नातवाच्या पाटीवर अक्षरे शिकली आणि पहिलीच जादू तिला सुतळीच्या गाठींत सापडली. घर का सोडले? तर नवरा गेला, मुले मार्गी लागली, तोंडावर हात ठेवणारे कुणी उरले नाही. आता शहरात जाऊन ती खोटी चौकट कोणी बनवली, ते शोधायचे. शापाच्या कथेत असे जाण्याचे ठिकाणच नव्हते. गोष्ट सांगणारा मुलगा वाचून खूष झाला. म्हणाला, मापे करणाऱ्या सुतारांची अख्खी पेठ उभी करतो.

तेव्हापासून आई रविवारी कान देऊन असते. "जित्ती हाय का म्हातारी?" असे विचारते. तीन आकड्यांच्या जिवावर ती बाई अजून टिकून आहे. मारामारीत सर्वांत मागे उभी राहते.

परवा कन्या पूर्वकथा आजीला वाचून दाखवत होती. चौकट दोन बोटे मोठी होती, या वाक्याशी आईने तिला थांबवले.

"दोन न्हाई, चार. चार बोटं मोठी व्हती. नीट ल्हेव."

कन्येने खोडरबर शोधला.