योगक्षेमातील क्षेम

मराठीत ‘योगक्षेम चालणे’ हा प्रयोग उदरनिर्वाहाच्या अर्थाने इतका रुळला आहे की, तो जोडशब्द आहे आणि त्यातील दोन पदांचे अर्थ वेगळे आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. जे आपल्यापाशी नाही ते मिळवणे म्हणजे योग, आणि जे मिळाले ते सुखरूप राखणे म्हणजे क्षेम. मानवी स्वास्थ्याच्या अभ्यासाने बराच काळ योगाचीच मोजदाद केली. उत्पन्न, निवारा, आहार आणि औषधोपचार यांचे तक्ते तयार झाले आणि क्षेम त्यांच्यामागून आपोआप येईल असे गृहीत धरले गेले. १९४८ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याची पूर्ण अवस्था अशी केलेली आहे. परंतु तीतील ‘सामाजिक’ या तिसऱ्या शब्दाला नेमके काय अभिप्रेत आहे, याचा शोध रुग्णालयांपेक्षा चहाच्या टपऱ्यांवर, बाजारात आणि पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकापाशी अधिक चांगला लागतो. भिलाई हे त्या शोधासाठी विशेष उपयुक्त गाव आहे, कारण तेथे योग फार थोड्या काळात, आखीव रीतीने आणि मोठ्या प्रमाणावर आला.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सुरुवातीची १० लाख टनांची वार्षिक क्षमता पुढे २५ लाखांवर आणि १९८८ पर्यंत ४० लाखांवर गेली. मुंबई–हावडा लोहमार्गावरील दुर्ग जिल्ह्यातल्या भातखाचरांच्या या मुलखात सेक्टरवार वसाहत उभी राहिली, शाळा निघाल्या, सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय झाले. क्वार्टर मिळे ते हुद्दा आणि ज्येष्ठता पाहून. जात, प्रांत किंवा भाषा पाहून नव्हे. त्यामुळे तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, बिहारी, छत्तीसगढी आणि मराठी कुटुंबे एकाच ओळीत भिंतीला भिंत लावून राहू लागली. मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नव्हता, कारण १९५६ पर्यंत दुर्ग ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूरच होती. तरीही पगार, घर आणि दवाखाना देणाऱ्या योजनेत शेजाऱ्याशी काय बोलावे आणि कोणत्या भाषेत बोलावे, यासाठी कोणतीही तरतूद नव्हती, आणि ती असणे शक्यही नव्हते. तो भाग माणसांनी स्वतः उभा केला.

तो कसा उभा राहिला याचे सर्वांत बारकाईचे वर्णन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांच्या लेखनात सापडते. १९९० च्या दशकात त्यांनी भिलाईत क्षेत्रकार्य सुरू केले, म्हणजे ज्या लोकांचा अभ्यास करायचा त्यांच्यातच दीर्घकाळ राहून निरीक्षण करण्याची मानवशास्त्राची पद्धत अवलंबली, आणि त्याचे फलित असलेला त्यांचा मोठा ग्रंथ २०२० मध्ये आला. इंग्लंडच्या इतिहासावरून ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये असे मांडले होते की, कारखान्याचे घड्याळ शेतकऱ्याची स्वतःची लय हिरावून घेते. पॅरी यांना भिलाईच्या कोक ओव्हन विभागात जवळजवळ उलटे चित्र दिसले. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या कामगारांना शेतापेक्षा कारखाना अधिक सुसह्य वाटत होता. तेथील काम तापदायक आणि धोक्याचे असले तरी ते सलग नसून टप्प्याटप्प्याने येते, दोन टप्प्यांमध्ये मोकळा वेळ राहतो, आणि कोणी केव्हा काम करायचे हे बरेचदा टोळीच आपसांत ठरवते, असे त्यांच्या निरीक्षणात आले. त्या मोकळ्या वेळात चहा होई, डबे उघडत, एकमेकांच्या घरची हकिकत निघे, आणि जे गावात एका पंगतीला बसले नसते ते कामावर एकत्र खात. व्यवस्थापनाच्या हिशेबात हा वेळ कामचुकारपणात जमा होतो, आणि उत्पादनखर्चाच्या दृष्टीने ती तक्रार निराधार नाही. परंतु स्वास्थ्याच्या अभ्यासकाने हाच वेळ निराळ्या खात्यावर मांडला पाहिजे, कारण वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली माणसे एकमेकांना ओळखू लागली ती याच वेळात.

कोक ओव्हनमधील पाळीबदल जवळून पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. कोक म्हणजे हवा लागू न देता भाजलेला दगडी कोळसा. अरुंद, उंच भट्ट्यांच्या रांगेत तो हजार अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला कित्येक तास भाजला जातो आणि मग यंत्राने बाहेर ढकलला जातो. ही रांग रात्री थंड करून सकाळी पेटवता येत नाही, म्हणून कामगार बदलतात, पण काम थांबत नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याला कोणत्या भट्टीचे दार नीट बसत नाही आणि कोठे ज्वाला बाहेर येते आहे हे सांगायचे असते. त्याबरोबरच मुलीचा ताप उतरला का, गावी भाताची कापणी झाली का, हेही विचारले जाते. यातले पहिले बोलणे कामाचे आणि दुसरे वायफळ, अशी विभागणी करणे सोपे असले तरी ती बरोबर नाही. पोलाद कारखान्यातील वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. नेहमी बोलणारा जोडीदार गप्प झाला किंवा अडखळू लागला, हे ज्याला त्याचे रोजचे बोलणे परिचित आहे त्याच्याच चटकन ध्यानात येते. अशा जागी ओळख हीसुद्धा सुरक्षेची एक व्यवस्था ठरते.

माहिती देण्यासाठी नव्हे, तर केवळ संबंध जागता ठेवण्यासाठी केलेल्या बोलण्याला ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये ‘फॅटिक कम्युनिअन’ असे नाव दिले. मराठीत त्याला क्षेमसंवाद म्हणता येईल. ‘काय म्हणता?’ असे विचारणाऱ्याला समोरच्याचे काही विशेष म्हणणे ऐकायचे असतेच असे नाही, आणि ‘चाललंय’ असे सांगणारा कशाचीही माहिती देत नाही. तरीही हे दोन शब्द झाले नाहीत तर काही तरी बिनसले आहे हे दोघांनाही कळते. या देवघेवीत शब्दार्थापेक्षा उत्तर मिळणे महत्त्वाचे असते. दहा भाषांतील संभाषणांची मोजणी करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सर्वसाधारणपणे सेकंदाच्या पाचव्या भागाइतकेच असते. याचा अर्थ, बोलणे चालू असतानाच ऐकणारा उत्तराच्या तयारीत असतो, आणि आपल्यासाठी कोणी तरी तयारीत आहे ही जाणीव बोलणाऱ्याला दिवसातून अनेकदा, नकळत मिळत राहते. जुलियान होल्ट-लुनस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध सशक्त होते त्यांची पाहणीच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. हे संबंध केवळ घरच्या माणसांचेच असावेत असेही नाही. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये दाखवले की, ज्या दिवशी तोंडओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा अधिक बोलणे होते, त्या दिवशी माणसे अधिक आनंदी असतात.

तोंडओळखीचे हे बोलणे सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात फार चांगले ऐकू येते. विदर्भातून आलेल्या गृहिणीला येथे पहिल्या वर्षातच आपला भाजीचा शब्दसंग्रह नव्याने शिकावा लागतो: शेवग्याला मुनगा, भेंडीला रमकेलिया, वांग्याला भांटा, आणि ज्याला ती माहेरी भेदरे म्हणत आली त्या टोमॅटोला पताल. हे शब्द तिला कोणी वर्गात बसवून शिकवत नाही. भाजीवालीच तिच्या चुका दुरुस्त करते, चेच भाजी कशी शिजवायची ते सांगते, मागच्या रविवारी का आली नाहीस म्हणून विचारते आणि मापात भाजी टाकून झाल्यावर वर आणखी एक मूठ घालते. या वरच्या मुठीला छत्तीसगढीत पुरौनी म्हणतात. ती किमतीत धरलेली नसते, मागितली तर मिळतेच असेही नाही, पण ती दिली गेली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडे जाते. क्षेमसंवादाचे व्यवहारातील स्थान या मुठीसारखेच आहे, आणि छापील किमतीच्या पाकिटात बंद केलेल्या भाजीला ते राहत नाही.

भिलाईतील मराठी घरांमध्ये दुहेरी भाषाजीवन चालते: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी, आणि कामावर हिंदीत मिसळलेली छत्तीसगढी. या भागाला हे नवे नाही. जवळच्या राजनांदगावात १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषा मराठी होती आणि त्यांनी हिंदी काव्याला नवे वळण दिले. परंतु पहिल्या पिढीतील गृहिणींच्या बाबतीत एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही. पुरुषांना कारखान्यात टोळी मिळाली, तशी त्यांना मिळाली नाही. क्वार्टरच्या चार भिंतींत त्यांचा दिवस जाई, आणि दुखणे, काळजी किंवा माहेरची ओढ ज्या भाषेत व्यक्त होते ती भाषा बोलणारी दुसरी स्त्री कदाचित दोन सेक्टर पलीकडे असे. हळदीकुंकू, मंगळागौर, गणपतीची आरती यांचे महत्त्व परमुलखात वाढते ते केवळ धर्मश्रद्धेने नव्हे. घराबाहेर पडून आपल्या भाषेत दोन तास बोलण्याचे ते निर्विवाद निमित्त असते. मात्र याच हळदीकुंकवाने विधवांना दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले, म्हणजे ज्यांना त्या बोलण्याची सर्वाधिक गरज होती त्यांनाच वगळले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. संक्रांतीच्या तिळगुळाची व्यवस्था या दृष्टीने अधिक उदार आहे, कारण वर्षभरात अबोला धरलेल्याच्या दारी जाण्याची मुभा ती सर्वांना सारखीच देते.

छत्तीसगढच्या लोकजीवनाने याहून पुढची पायरी गाठलेली आहे. तेथे मैत्री विधिपूर्वक जोडली जाते. तिला मितान बदणे म्हणतात. जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांना देऊन झालेले मित्र महाप्रसाद, गंगाजलाच्या साक्षीने झालेले गंगाजल, आणि राखी पौर्णिमेनंतर भोजलीचे, म्हणजे टोपलीत वाढवलेल्या धान्याच्या अंकुरांचे, विसर्जन करताना ते अंकुर एकमेकींना देणाऱ्या मुली भोजली होतात. त्यानंतर ते एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, याच नात्याने मारतात. हे नाते जातीच्या सीमा ओलांडून जोडता येते आणि दोन्ही कुटुंबांवर सुखदुःखाला हजर राहण्याचे बंधन घालते. २००२ मध्ये नव्या राज्याने खेड्यापाड्यांसाठी आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली, तेव्हा त्या स्त्रियांना सेविका किंवा निरीक्षक असे काही न म्हणता ‘मितानिन’ हे नाव दिले, आणि देशभरची आशा योजना त्यानंतर तीन वर्षांनी आली. ही निवड अतिशय जाणतेपणाने झालेली आहे. बाळाला किती वेळा पाजतेस, पोट केव्हापासून दुखते, नवरा मारतो का, हे प्रश्न नोंदवही घेऊन आलेल्या परक्या बाईला विचारता येत नाहीत. मैत्रिणीला येतात, तेही उंबऱ्यावर बसून स्वयंपाक काय केला हे विचारून झाल्यावर.

संवादाचे हे माहात्म्य सांगताना एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. चांगले बोलणे हा अपुऱ्या मजुरीवरचा उतारा नव्हे. कारखान्यातील कायम कामगारांची संख्या कमी होत गेली आणि कंत्राटी मजुरांचा वाटा वाढला. कंत्राटी मजुराची टोळी ठेक्याबरोबर बदलते, दोन कामांमधला मोकळा वेळ त्याचा नसतो, आणि कोणाशी ओळख वाढवावी तर पुढच्या महिन्यात तो तेथे असेल याची खात्री नसते. त्याचा योगही कच्चा आणि क्षेमही कच्चे. दुसऱ्या बाजूला, पॅरी यांनी २०१२ मध्ये भिलाईतील आत्महत्यांवर लिहिले, तेव्हा हे दुःख कंत्राटी मजुरांपेक्षा कायम नोकरीतील, तुलनेने सुस्थित कुटुंबांत अधिक शिरल्याचे त्यांना दिसले. मुलांना आपल्यासारखी नोकरी मिळणार नाही ही धास्ती त्यामागे होती. अशी धास्ती टोळीत बोलता येत नाही, कारण तेथे प्रत्येकाचा मुलगा दुसऱ्याच्या मुलाशी तोलला जातो. जवळच्या गप्पांनाही काही विषय पेलत नाहीत. त्यांच्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ हवेत, आणि त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही हे टोळीतल्याच कोणी तरी म्हणायला हवे.

साठाव्या वर्षी निवृत्ती येते आणि तिच्यापाठोपाठ क्वार्टर सोडण्याची वेळ येते. भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब चुकता होतो. कोणी रिसालीला किंवा हुडकोत घर बांधलेले असते, कोणी नागपूर, भंडारा किंवा गोंदियाकडे परततो. तीस-पस्तीस वर्षे आठवड्याआठवड्याने बदलणाऱ्या पाळीप्रमाणे झोपलेल्या आणि जागलेल्या शरीराला एकच एक रात्र पचवायला वेळ लागतो, आणि रात्री दोन वाजता जाग आली की त्या वेळी जागे असणारे दुसरे कोणी घरात नसते. जुन्या टोळीचा व्हॉट्सॲप गट असतो. त्यावर पहाटे एकाने फुलांचे चित्र टाकून सुप्रभात म्हटले की थोड्याच वेळात तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी आणि मराठी नावांखाली तेच चित्र पुन्हा पुन्हा येऊ लागते. आणि एखाद्या नावाखाली दोन दिवस काहीच आले नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणी तरी फोन लावतो.