घोडनदीपासून भीमेपर्यंत : अप्पांच्या सायकलीमागून एक दिवस

शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर, घोड नदीच्या काठी वसलेले हे गाव. आसपास घाट नाही, दमछाक करणारा चढ नाही. त्यामुळे येथे सायकल टिकून राहिली. माझे वडील, अप्पा, येथील शाळेतून निवृत्त झाले, तेही रोज सायकलीने जाऊन-येऊनच. आज त्यांचे वय ७४ आहे. गुडघ्यांची झीज सुरू झाली, पायडल जड वाटू लागले, तेव्हा तीन वर्षांपूर्वी त्यांनी विजेच्या मोटरची जोड असलेली सायकल घेतली.

गेल्या महिन्यात ते पडले. कोपर खरचटले, मनगट सुजले. सुदैवाने हाड मोडले नाही. त्या रात्री मी सायकलीची चावी कपाटात ठेवली. अप्पा काहीच बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवसापासून ते ओसरीवरच्या खुर्चीत नुसते बसून राहू लागले. वर्तमानपत्र दुपारपर्यंत घडीतच पडलेले असे. आमच्या डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘ताई, बंद करायची तर करा. पण आधी एक दिवस त्यांच्या मागून फिरा. ते कसे पडतात, ते तरी पाहा.’’

म्हणून हिवाळ्यातल्या एका सकाळी ऊन वर आल्यावर मी चावी त्यांच्या हाती दिली आणि माझ्या स्कूटरवरून त्यांच्या मागे निघाले.

पहिला थांबा गावाबाहेरच्या रामलिंगाच्या रस्त्यावरील चहाच्या टपरीचा. तेथे अप्पांची मंडळी जमते. एकाकडे जुनी लूना आहे. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना आणली. कारखाना येथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, तेव्हाच्या अहमदनगरला. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी जाता येई, ही तिची खरी खुबी. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले अशा कितीतरी जणांचे ते पहिले वाहन. २०२४ मध्ये तीच लूना विजेवर चालणारी होऊन पुन्हा बाजारात आली, ही वार्ताही मला त्या टपरीवरच कळली.

मंडळींमध्ये एक निवृत्त परिचारिकाही होत्या. त्यांच्या विजेच्या सायकलीला पुढची दांडी नव्हती. साडी नेसूनही सहज बसता येईल अशी ती घडण. तिसऱ्या गृहस्थांनी जुन्या सायकलीलाच मोटर बसवून घेतली होती. त्यांना लूनावाल्या काकांनी सर्वांदेखत बजावले, ‘‘अडीचशे वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल, तोवरच परवाना आणि नोंदणी लागत नाही. त्यापुढे गेलात की ती मोटारसायकलच झाली. माझी लूना पेट्रोलची, म्हणून मी परवाना खिशात ठेवतो.’’

त्या तासाभरात अप्पा जितके बोलले, तितके मागच्या महिनाभरात घरी बोलले नव्हते.

परतताना मी लक्षपूर्वक पाहत होते. अप्पा सरळ रस्त्यावर उत्तम चालवत होते. खड्डा दुरूनच हेरत, वळताना हात दाखवत. मोटर साथ देत असली तरी पाय फिरतच होते. सायकलीवर शरीराचा बराचसा भार सीटवर राहतो; त्यामुळे चालण्याच्या मानाने गुडघ्यांवर ताण कमी येतो आणि मांडीचे स्नायू मात्र कामाला लागतात. ते माझ्याशी बोलू शकत होते, धाप लागत नव्हती. मध्यम व्यायामाची ही सोपी खूण. पासष्टीपुढील व्यक्तींनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग ते पडतात कोठे? उत्तर घराच्या दारातच मिळाले. थांबल्यावर त्यांनी जुन्या सवयीने उजवा पाय मागून, कॅरिअरवरून फिरवला. पाय तेवढा उचलला गेला नाही, टाच कॅरिअरला अडली आणि बॅटरीमुळे जड झालेली सायकल त्यांच्या अंगावर कलली. मी धरले म्हणून सावरले. मागच्या महिन्यातही ते असेच पडले होते. मी धसका घेतला होता वेगाचा. पाडत होते ते उतरणे.

दुपारी दौंडला जायचे होते. तेथे अप्पांचे जुने स्नेही, रेल्वेतून निवृत्त झालेले, राहतात. एवढे अंतर सायकलीने जाण्याचा हट्ट अप्पांनी धरला नाही. ओळखीच्या टेम्पोत सायकल चढवली आणि आम्हीही त्यातच बसलो. न्हावऱ्यावरून पारगावला आलो. तेथे पुलावरून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि चौफुल्याच्या आसपास गुऱ्हाळांचा गोड, धुरकट वास. पुढे पाटसवरून दौंड.

१८७८ साली मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून दौंड जंक्शन आहे. रुळांनी गावाचे दोन भाग केले आहेत. कुरकुंभ मोरीपाशी गर्दी पाहून अप्पा स्वतःहून उतरले आणि सायकल हाती धरून चालू लागले. मी काही सुचवण्याआधीच त्यांनी हे केले, याची मी मनाशी नोंद घेतली.

रेल्वेवाल्या काकांच्या अंगणात त्यांची मोटरची सायकल कापडाखाली झाकलेली होती. दृष्टीचा एका बाजूचा भाग अंधूक झाल्यापासून त्यांनी ती बंद केली आहे. मी विचारले, ‘‘काका, वाईट नाही वाटले?’’ ते म्हणाले, ‘‘वाटले की, पोरी. पण सिग्नल नीट दिसत नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही, हे मी आयुष्यभर पाळले. कोणी चावी काढून घेतली नाही. मीच नातवाच्या हाती दिली. आता त्याच्यामागे बसून स्टेशनापर्यंत जातो.’’ अप्पा माझ्याकडे पाहत नव्हते. मीही त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच परत निघालो. त्या रात्री जेवणानंतर मी अप्पांपुढे वही ठेवली आणि अटी त्यांनाच लिहायला सांगितल्या. त्यांनी शिक्षकी अक्षरात लिहिले :

१. दांडी नसलेली सायकल घ्यायची. सीट इतकी खाली, की थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पूर्ण थांबून, मोटर बंद करून मगच उतरायचे.

२. हेल्मेट आणि उजव्या बाजूला आरसा. महामार्गावर जायचे नाही; तो ओलांडायचा तर उतरून. अंधार पडण्याआधी घरी.

३. डोळ्यांची तपासणी दरवर्षी. रक्तदाबाची वा झोपेची गोळी बदलली, तर गरगरत नाही याची खात्री होईपर्यंत सायकल बंद. खिशात साखर आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी.

४. डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

साखरेची अट मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी चौथी अट कधीही टाळू नये आणि सायकल सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरातील इतरांसाठी एक सूचना माझ्याकडून : बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये आणि ती दारापाशी, जाण्यायेण्याच्या वाटेवर लावू नये.

पाचवी अट लिहिण्यापूर्वी अप्पा बराच वेळ थांबले. मग लिहिले, ‘‘थांबण्याची वेळ आली असे मुलीला वाटले, तर तिने मला सांगावे. चावी मी स्वतः देईन.’’

खाली त्यांनी सही केली, मीही केली. चावी आता कपाटात नसते. ओसरीवरच्या खुंटीला, त्यांच्या टोपीशेजारी असते.