जळून गेलं म्हणजे संपलं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. शुक्रवार पेठेत गुढी उतरवून आम्ही जेवायच्या तयारीत होतो आणि फोनवर एकामागून एक व्हिडिओ यायला लागले. आकाशातून जळत निघालेली ठिणग्यांची रांग. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. त्याच रात्री तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास दोन-तीन मीटर, वजन चाळीस किलोंच्या आसपास. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या एका चिनी रॉकेटचा तो तुकडा असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. नशीब, कुणाला लागलं नाही.

कड्याची बातमी झाली, कारण ते जळलं नाही. उरलेलं बरंच काही वरच जळून गेलं. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

निकामी उपग्रह खाली आणून वातावरणात जाळायचा, ही आज जबाबदार रीत मानली जाते. आणि त्याला कारण आहे. इस्रोने कार्टोसॅट-२ सोडला १० जानेवारी २००७ ला. दुसऱ्याच दिवशी चीनने स्वतःचाच एक जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला आणि कक्षेत तीन हजारांहून जास्त तुकडे पसरले. कार्टोसॅट-२ मात्र नीट निवृत्त झाला. आपोआप खाली यायला त्याला सुमारे तीस वर्षं लागली असती. इस्रोने उरलेलं इंधन वापरून त्याला ६३० किलोमीटरवरून ३८० वर आणलं, आणि १४ फेब्रुवारी २०२४ ला तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या अवकाश मोहिमा कचरामुक्त करायचं उद्दिष्टही जाहीर झालंय.

पण जळलेलं जातं कुठे?

माझ्या आजीने गिरण्यांच्या काळातलं सोलापूर पाहिलंय. धुराड्यातला धूर वर जायचा आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पातळांवर काजळी होऊन उतरायचा. धूर किती, हे तिला धुणं काढतानाच कळायचं.

उपग्रहांची काजळी अशी हाताला लागत नाही. २०२३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी अलास्कातून खूप उंच उडणाऱ्या विमानाने तिथली हवा तपासली. स्थितांबरातल्या गंधकाम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे दहा टक्के कणांत रॉकेट आणि उपग्रहांतून आलेले ॲल्युमिनियमसारखे धातू सापडले. २०२४ मधल्या एका अभ्यासाच्या हिशोबाने २५० किलोंचा उपग्रह जळला की सुमारे ३० किलो ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म धूळ तयार होते. ती ओझोनच्या थरापर्यंत उतरायला तीस वर्षांपर्यंत लागू शकतात. तिथे ओझोन खाणाऱ्या क्लोरीनच्या अभिक्रियांना ती हातभार लावू शकते. म्हणजे कक्षा साफ ठेवायला आपण जितके उपग्रह जाळू, तितकी ही धूळ वाढणार.

उपग्रहच नकोत, असं म्हणायची सोय आम्हा सोलापूरकरांना तर नाहीच. पाऊस आमच्याकडे मुळात कमी, आणि ढग कुठवर आलेत ते उपग्रहच दाखवतो. उसाखालचं क्षेत्रही उपग्रहांच्या फोटोंवरून मोजतात.

म्हणणं एवढंच की हिशोब पुरा ठेवा. कक्षेत किती तुकडे उरले हे मोजतो, तसंच हवेत किती किलो धातू मिसळणार हेही उपग्रह सोडण्याआधी लिहून ठेवायला हवं. जपानच्या क्योतो विद्यापीठाने २०२४ मध्ये एक छोटा लाकडी उपग्रह पाठवून पाहिला, कारण लाकूड जळल्यावर धातूची धूळ मागे राहत नाही. लाकूड हाच उपाय ठरेल असं नाही. पण उपग्रह बनवतानाच त्याच्या राखेचा विचार कुणीतरी केला.

सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांचा धूर थांबला. उपग्रहांचा धूर आता कुठे सुरू होतोय. मोजायला घ्यायचं तर आत्ताच.