बडा गणपती ते महेश्वर

बडा गणपतीच्या 25 फुटी मूर्तीला नमस्कार करून आम्ही इंदूरहून महेश्वरला निघालो. आजीला अहिल्या घाटावरून नर्मदेत नावेतून फिरायचं होतं, पण गुडघ्यांमुळे याआधी दोनदा ती काठावरूनच परतली होती. नाव एकाच दोरीला बांधलेली. मोटरबोट जवळून गेली की मागचं टोक घाटापासून दूर जायचं. नावाड्याने मागच्या टोकालाही दोरी लावली, एक पुढे, एक मागे अशा दोन्ही तिरप्या बांधल्या आणि पायरीशी जुना टायर अडकवला. सरकणं थांबलं, थोडं वरखाली तेवढं उरलं. मी बीई, पण मला सुचलं नव्हतं! "माताजी, बीच में बैठना," तो म्हणाला. आजी मधल्या फळीवर टेकली आणि म्हणाली, "चल, सोड आता दोऱ्या."