ऱ्हाइनकांठचें कात्सेनएल्नबोगेन

जर्मनी आज एकसंध देश असला तरी मध्ययुगांत तो शेंकडों लहानमोठ्या सत्ताधीशांमध्यें वांटलेला होता. काउंट ही पदवी धारण करणाऱ्या अशाच एका घराण्याचें संस्थान म्हणजे कात्सेनएल्नबोगेन. या नांवाचा शब्दशः अर्थ घेतला तर तो ‘मांजराचें कोपर’ असा होतो! परंतु हें नांव ऐकून त्या काळच्या व्यापाऱ्यांस हसूं येत नसे.

संस्थानाचे दोन भाग असून मध्यें परक्यांचा मुलूख होता. वरचा भाग माइन नदीच्या दक्षिणेस, डार्मश्टाट नगराभोंवतीं; खालचा भाग टाउनुस डोंगरापासून ऱ्हाइनकांठच्या सांक्ट गोआर गांवापर्यंत. या गांवाजवळ ऱ्हाइन उंच कड्यांमधून, अरुंद पात्रानें, वळणें घेत वाहते. जकात घेण्यास याहून सोयीचें स्थळ तें कोणतें?

१२४५ सालीं काउंट पांचवा डीटर यानें तेथें ऱ्हाइनफेल्स किल्ला बांधण्यास आरंभ केला व जलमार्गावरील जकात वाढविली. तेव्हां ऱ्हाइनकांठच्या नगरांनीं संघ करून १२५५ सालीं किल्ल्यास वेढा घातला. वर्षाहून अधिक काळ झुंजूनहि त्यांस हात हालवीत परतावें लागलें. किल्ला अभंग राहिला आणि घराण्याचें ऐश्वर्य वाढत गेलें. त्याच्या जमाखर्चहि इतिहासास उपकारक ठरला. रीसलिंग या प्रख्यात द्राक्षजातीचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख या घराण्याच्या रूसेल्सहाइम येथील १४३५ सालच्या हिशेबांतच सांपडतो!

परंतु जें शत्रूस साधलें नाहीं, तें दैवानें केलें. ज्येष्ठ फिलिप याचे दोन्ही पुत्र त्याच्या हयातींतच वारले. १४७९ सालीं त्याच्या मृत्यूनें पुरुषवंश खुंटला व संस्थान त्याच्या कन्येच्या सासरीं, हेस घराण्याकडे, गेलें. १५०० सालीं तिचा पुत्र निपुत्रिक मरण पावला. तेव्हां नासाउ घराण्यांत दिलेल्या त्याच्या बहिणीनें वारसा सांगितला. हेसचे भाऊबंद मुलूख सोडीनात. हा कलह ५७ वर्षें चालला! अखेर १५५७ सालीं हेसनें ६,००,००० गिल्डरांची भरपाई कबूल करून मुलूख राखला.

पुढें १७९४ सालीं ऱ्हाइनफेल्स लढाईवांचून फ्रेंचांच्या हातीं गेला आणि मग त्यांनीं तो सुरुंगांनीं उडविला. आज प्रवासी त्याचे अवशेष पाहतात. तट दगडांनीं बांधतां येतो. घराणें मात्र वारसांच्या सामंजस्यावर उभें असतें, हेंच ते अवशेष सुज्ञास सांगतात.