पाचगणीच्या अलीकडे

पसरणीचा घाट चढायचा नाही, एवढं एकच आम्ही आधी ठरवलं. बाकीचा बेत त्यातून आपोआप ठरत गेला. शनिवारी त्या घाटात गाड्या एकामागे एक खोळंबतात. वर पोचलं की पार्किंगची शोधाशोध, मग एक पॉइंट, मग दुसरा. दोन दिवसांचा आराम करून माणूस सोमवारी रजा टाकायच्या अवस्थेत परततो. नवऱ्याला याद्यांची हौस दांडगी. ‘निदान वेण्णा लेक तरी?’ त्याने घासाघीस करून पाहिली. ‘अरे, वाईत अख्खी कृष्णा आहे की,’ सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी धरली. खंबाटकी चढून उतरली, सुरूरला महामार्ग सोडला आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. वाईच्या स्टँडवर उतरणारे बहुतेक गावचेच होते. टोप्या-गॉगलवाले सगळे वर गेले. मला बरं वाटलं.

गावात रिक्षा मिळते, पण घाटांवर चालतच जावं. ढोल्या गणपतीपाशी सगळे मूर्तीच्या आकाराकडे बघतात, आणि मूर्ती आहेच तशी: एकाच दगडातली, माणूस खुजा वाटावा एवढी. पण देवळाला वळसा घालून मागची भिंत जरूर पाहा. ती माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं, म्हणून. रास्त्यांनी अठराव्या शतकात हे देऊळ बांधलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. आमच्याकडच्या नव्या सोसायट्या ओढ्यात पाय रोवून उभ्या राहतात, तेव्हा हा मासा मला हटकून आठवतो.

दुपार घाटाच्या पायऱ्यांवर गेली. काहीही केलं नाही. सासूबाईंनी पाण्यात पाय सोडले, नवरा पायरीला टेकून चक्क घोरला. मी गंगापुरीच्या बाजूला एक चक्कर मारून आले. मराठी विश्वकोशाचं काम याच गावात उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे. पहिला खंड निघाला 1976 साली. जगभराचं ज्ञान मराठीत आणण्याचा खटाटोप मुंबई-पुणं सोडून नदीकाठच्या तालुक्याच्या गावी चालावा, हे मला अजूनही झकास वाटतं.

रात्री खाणावळीत पिठलं, भाकरी, ठेचा. लवकर झोप.

रविवारी सकाळी मेणवली. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. इतिहासवाल्यांना हे नाव नाना फडणविसांच्या दप्तरामुळे माहीत, बाकीच्यांना ‘स्वदेस’मुळे, 2004 सालच्या त्या सिनेमात हाच घाट दिसतो. नानांचा वाडा बाहेरून अगदी साधा वाटतो. आत मात्र एकामागून एक चौक उघडत जातात. मागच्या दारानं उतरलं की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, काठाला मेणेश्वर आणि विष्णूचं देऊळ.

आणि ती घंटा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्यांतली एक इथे टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हा आकडा आजही दिसतो. सासूबाईंनी घंटेला मनोभावे नमस्कार केला. मेरी दाखवली तर म्हणाल्या, ‘मग काय झालं? लेकराची आईच ना ती.’

नवऱ्याने हळूच धोम काढलं. तिथल्या महादेवाच्या देवळापुढे दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसवलाय, कुंडात पाणी भरलं की कासव तरंगल्यासारखं दिसतं, ही माहिती त्याच्याकडे तयारच होती. मोह झाला, पण धोम राहू दिलं. परतीची एसटी गाठायची म्हणून घाटावरून धावत सुटायचं, तर मग महाबळेश्वरानं काय घोडं मारलं होतं? दुपारच्या गाडीला बसायला जागा मिळाली.

पावसाळा सरल्यावर जा. तेव्हा नदीला पाणी असतं आणि पायऱ्या निसरड्या नसतात. मेणवलीच्या वाड्यात भिंतींवर जुनी चित्रं आहेत. त्यांना हात लावू नका आणि मुलांनाही लावू देऊ नका. रंग आधीच फार थोडा उरला आहे.