कसोटीचा दगड कोणाच्या हातात?

१/ अस्सल गुणाला मराठीत ‘बावनकशी’ म्हणतात. त्यातला ‘कस’ सराफाच्या काळ्या दगडावरचा. दागिना त्यावर घासायचा आणि उमटलेली रेघ माहीत असलेल्या शुद्धतेच्या रेघेशी ताडून पाहायची, ही परीक्षा प्राचीन आहे. परंतु तिचा इतिहास बावनकशी नाही.

२/ कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणात दोन प्रकारचे दगड येतात. हत्तीच्या रंगाचा, हिरवट झाकेचा, सोन्याचा रंग खुलवणारा दगड विकणाऱ्याच्या हिताचा. खरखरीत, रंग न खुलवणारा दगड घेणाऱ्याच्या हिताचा. नखात गेरू दडवून रेघ रंगवण्याची लबाडीही तेथे नोंदलेली आहे.

३/ म्हणजे सोने तेच, पण कस ठरायचा तो दगड कोणाचा यावर. शुद्धतेच्या परीक्षेचा पुढचा सारा इतिहास हा दगड व्यवहारातल्या दोघांच्याही हातून काढून घेण्याचा आहे.

४/ इंग्लंडमध्ये १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने चांदीच्या मालावर तपासणीनंतर बिबट्याच्या मुखाची मुद्रा सक्तीची केली. १४७८ पासून लंडनच्या कारागिरांचा माल गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये तपासला जाऊ लागला. हॉलमध्ये उमटलेली खूण, म्हणून ‘हॉलमार्क’. निवाडा तिसऱ्याकडे गेला.

५/ भारतात सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली आले, तेही ऐच्छिक. जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे होत गेले. आजच्या दागिन्यावर तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी. ‘२२के९१६’ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो.

६/ मात्र आजीच्या पाटल्यांवर यातले काहीच नसते. फीसाठी, आजारपणासाठी दागिना मोडायला निघालेली बाई दुकानात शिरते तेव्हा दगड पुन्हा घेणाऱ्याच्याच हातात असतो. कसही तोच सांगतो. लाख, खडे, डाख यांची घटही तोच धरतो.

७/ दुकानातले क्ष-किरण यंत्र दागिना न दुखवता काही क्षणांत आकडा देते, पण ते मुख्यतः पृष्ठभागच वाचते. अग्निपरीक्षा खोल जाते. काढलेला कण चांदी व शिशासह तापवतात. हिणकस धातू शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत जिरतात, चांदी नायट्रिक आम्लात विरघळते. उरलेले सोने तोलले की हिशेब पुरा होतो.

८/ मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून जुना दागिना ग्राहकालाही तपासून घेता येतो. तो मोडण्याआधी हे करावे, कारण मुशीत वितळलेल्या पाटलीबद्दल नंतर वाद घालता येत नाही. दागिना मोडणारा बहुधा अडचणीत असतो, घाईतही असतो. तटस्थ कसोटीची गरज सर्वांत जास्त त्यालाच असते, आणि तिच्यासाठी लागणारा वेळ सर्वांत कमी त्याच्याचकडे असतो.